माहेरच्या यादीतलं नाव

एका दुपारी, मुलं खिचडी खाऊन घरी गेल्यावर, माझ्या फोनवर माझीच चौकशी आली.

मी अंगणवाडी सेविका आहे आणि उरलेल्या वेळात गावाची बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारी बाई. उरलेला वेळ नसतो, असं मी तहसीलला लेखी कळवलं होतं. तहसीलनं त्याची नोंद घेतली आणि मला ओळखपत्र दिलं. गेली चार वर्षं गावात कोण अठराचं झालं, कोण वारलं आणि कुणाची सून आली यावर माझं लक्ष असतं. वारलेल्याच्या घरी दहाव्याच्या आत फॉर्म घेऊन जाऊ नये, एवढी अक्कल मला पहिल्याच वर्षी आली. नाव घालायचं असेल तर नमुना सहा, काढायचं असेल तर नमुना सात, पत्ता किंवा चूक बदलायची असेल तर नमुना आठ. हे तीन आकडे मला माझ्या पोरांच्या जन्मतारखांइतके पाठ आहेत.

त्या दिवशी ॲपवर 'समान छायाचित्र' अशी एक नोंद आली होती. कॉम्प्युटर सगळीकडचे फोटो एकमेकांशी ताडून बघतो आणि एकच तोंड दोन ठिकाणी दिसलं की आमच्यासारख्यांना विचारतो, ही एकच व्यक्ती आहे का? खाली दोन बटणं असतात, होय आणि नाही. मी नोंद उघडली. दोन चौकोनांत एकच मुलगी होती. कपाळाला मोठी टिकली, गालांना पावडर, खांद्यावरून पुढे घेतलेल्या दोन वेण्या. डावीकडच्या फोटोखाली माझं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव आणि या गावाचा पत्ता होता. उजवीकडच्या फोटोखाली माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि काष्टीच्या बाजूच्या माझ्या माहेरच्या गावाचा पत्ता. दोन्हीकडून ती माझ्याकडे सारखीच रागानं बघत होती. फोटोवाल्यानं हनुवटी वर करायला लावली होती, त्याचा तो राग.

याला फोटोवालाच जबाबदार आहे. त्या वेळी पासपोर्ट फोटो चार मिळत नसत, आठाचाच सेट काढावा लागे. बारावीला असताना मी तो काढला. दोन कॉलेजात गेले, एक एसटीच्या पासावर, एक वडिलांनी माझं मतदार यादीत नाव घालताना लावला, एक स्थळ म्हणून सासरकडे आला. तीन उरले, ते माझ्या ट्रंकेतून माझ्याबरोबर सासरी आले. लग्नानंतर दोन वर्षांनी गावात नावनोंदणीचं शिबिर लागलं तेव्हा सासऱ्यांनी दारातूनच विचारलं, "सूनबाई, फोटो हाय का?" मी म्हटलं, आहे. एवढ्यावर मी या गावची मतदार झाले. आधी दुसरीकडे नाव आहे का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं, आणि ते खोटं आहे असं मला वाटलंही नसतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो. माहेरच्या यादीतली मुलगी वेगळी आणि मी वेगळी, असाच माझा हिशेब होता.

माझं सासर जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या भागात आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतं. यादीची घरोघर तपासणी सरकार नेमकी त्याच दिवसांत काढतं, त्यामुळे मी बहुतेक कुलपांच्या भेटी घेते. वरून विचारणा होते की ही माणसं कायमची स्थलांतरित दाखवायची का. मी सांगते, साहेब, घर इथंच आहे, देव इथंच आहे, म्हातारी इथंच आहे, फक्त माणसं कारखान्यावर आहेत. यातल्या काही टोळ्या माझ्या माहेरच्या पट्ट्यात ऊस तोडतात. परत आल्यावर कुणीतरी दारात उभं राहून सांगतं, "बाई, तुमच्या भावाच्या फडात हुतो औंदा. बरा हाय भाऊ." माहेरची खबर मला पुष्कळदा अशी मिळते.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमचं भांडण कधीच नव्हतं. पूर्वी भाऊबीजेला मोटारसायकलवर यायचा, मग त्याच्या गाई वाढल्या, ऊस वाढला, गावच्या राजकारणात लक्ष वाढलं आणि भाऊबीज फोनवर आली. वडिलांमागून आईही गेली. त्यानंतर वर्षभरात मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. जबरदस्ती कुणी केली नाही. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ त्यांना बाजूच्या हॉटेलात मिसळ खायला नेतात, आणि विषय संपतो. मिसळ चांगली होती. सही केली नसती तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलं नाही आणि स्वतःलाही फार वेळा विचारलं नाही.

तेव्हापासून त्या गावात माझं म्हणून एकच राहिलं होतं, मतदार यादीतली ती एक ओळ. त्या ओळीमुळे दर पाच वर्षांनी मला न्यायला गाडी यायची.

ग्रामपंचायतीत एकेका वॉर्डाचा निकाल पाच-दहा मतांवर लागतो. म्हणून लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं आमच्या गावात कुणी काढत नसे. मतदानाच्या दिवशी पहाटेच दोन्ही पार्ट्यांच्या गाड्या सुटत आणि कर्जत, दौंड, शिरूर, जिथं जिथं लेकी दिल्या आहेत तिथून त्यांना गोळा करून आणत. माझ्यासाठी तर जिल्हा ओलांडल्यासारखी एक गाडी पार इकडे येई. आमदार-खासदाराच्या मतदानाला मात्र आम्हाला कुणी बोलावत नसे. देश कोण चालवतो यात माहेराला एवढा रस नव्हता. गाडीत आम्ही पाच-सहा जणी असायचो, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पायाशी पिशवी, सगळ्या एका शाळेतल्या. नगर ओलांडेपर्यंत जरा दबून बसायचो, केडगाव मागं पडलं की सुरू व्हायचं. कुणाच्या सासूची नक्कल, कुणाच्या नवऱ्याची, आणि हसून हसून ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लागायची. गावात शिरलो की मतदान, मग भावाकडे जेवण, ओटीत खण-नारळ, आणि चारच्या आत पुन्हा गाडीत, कारण गाडीला पुढची खेप असायची. फार तर चार तास. त्या चार तासांची मी पाच वर्षं वाट बघत असे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दोन ठिकाणी नाव असणं गुन्हा आहे, हे मला बीएलओच्या प्रशिक्षणात कळलं. त्याआधी मला ते हळदीकुंकवासारखं वाटायचं. सासरीही घ्यायचं, माहेरीही घ्यायचं, नाही म्हटलं तर समोरचीला वाईट वाटतं. प्रशिक्षणात साहेबांनी शिक्षा किती ते सांगितलं तेव्हा हॉलमधल्या निम्म्या सेविकांनी एकमेकींकडे बघितलं. मग चहा आला. मी घरी येऊन दुसऱ्यांची दुबार नावं शोधायच्या कामाला लागले आणि त्या कामात चांगली तरबेज झाले. स्वतःच्या नावाला मात्र हात लावला नाही. माहेरची पुढची निवडणूक लांब होती आणि मी काही तिथं मत द्यायला आत्ता चालले नव्हते, अशी माझी मी समजूत काढली.

आमच्या खालच्या आळीत एक बाई आहे, पन्नाशीची, माहेर घोडेगावच्या बाजूचं. तिचंही नाव दोन्हीकडे होतं. मी नमुना सात घेऊन गेले तर ती म्हणाली, "बाई, तेवढं ऱ्हाऊ द्या की. कुनाचं काय जातंय?" मी तिला सुनावलं. म्हटलं, मावशी, माणसाला मत एकच असतं, तुम्ही काय दोन जन्म घेऊन आलात का? तिनं अंगठा दिला. पुढच्या वर्षी तिच्या माहेरी ग्रामपंचायतीचं मतदान होतं. सकाळी मी अंगणवाडीत चालले होते तेव्हा ती ओट्यावर बसलेली दिसली, नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. मी विचारलं, "कुठं निघालात?" ती म्हणाली, "कुठं न्हाई. आसंच नेसले." दुपारी परत येताना ती तिथंच बसली होती. तेव्हा मला ती थोडी खुळी वाटली होती.

माझी चौकशी फोनवर आली त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. एरवी तो फोनवर दोन मिनिटं बोलतो, त्या दिवशी वीस मिनिटं बोलला. "आक्का, औंदा सरपंचाला उभा ऱ्हातोय. लई घासून हाय. समोरचा आपल्या वरच्याच आळीचा हाय, मतं फोडतोय. तारीख लागली की गाडी धाडतो, तू तयार ऱ्हा." शेवटी म्हणाला, "तुला आनायला मीच आलो आस्तो, पन त्या दिशी मला कुठं हालता यायचं न्हाई." मी बरं म्हटलं. मला आनंद झाला होता आणि तो आनंद होतोय याचा रागही आला होता.

ॲपवरच्या नोंदीला सात दिवसांची मुदत होती. तीन दिवस मी ती उघडायची, मुलीचा राग बघायची आणि बंद करायची. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "न्हाई दाब आन् मोकळी हो. कॉम्प्युटरला काय कळतंय?" मी म्हटलं, कळतंय म्हणूनच तर विचारतोय. तो म्हणाला, मग व्हय दाब. नवऱ्याचा सल्ला नेहमी असा दोन्ही बाजूंनी पूर्ण असतो.

चौथ्या दिवशी मी होय दाबलं. लोकशाहीसाठी दाबलं असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. एक तर नोकरीची भीती होती. सेविकेचं स्वतःचंच नाव दुबार निघालं असतं तर तहसीलनं त्याचीही नोंद घेतली असती. दुसरं म्हणजे ती ओट्यावरची बाई. तिचं नाव मी काढलं आणि माझं ठेवलं, तर तिच्या दारावरून रोज अंगणवाडीत जायला मला तोंड नव्हतं. इथलं नाव ठेवावं, माहेरचं वगळावं असं लिहिलं, कारणात 'विवाहामुळे कायमचे स्थलांतर' निवडलं, आणि स्वतःविरुद्ध नमुना सात भरून पाठवला.

माहेरचे बीएलओ शाळेतले गुरुजी आहेत. त्यांना नियमाप्रमाणे आमच्या घरी जाऊन पंचनामा करावा लागला. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"आक्का, गुरुजी कागद घिऊन आल्ते. त्याच्यात लिव्हलंय, कायमची गेली. कायमची गेली आसं कोन म्हनलं?"

"तू सही केली का?"

"मी कशाला करीन? न्हाई केली. समोरच्यानं केली पंच म्हनून. च्या ठिवला हुता, च्या बी न घेता सही करून गेला." मग म्हणाला, "कुनी तक्रार दिली तुझी, कळलं का काय?"

"मीच दिली."

"तू?"

मी त्याला फोटोचं, बटणाचं, नोकरीचं सगळं सांगायला सुरुवात केली. आठाच्या सेटपर्यंत आले तेव्हा फोन बंद झालेला होता, कधी ते मला कळलं नाही.

समोरचा उमेदवार चहा न घेता का गेला, ते आठ दिवसांनी समजलं. त्याला रस्ता सापडला होता. सरपंचाला उभ्या राहिलेल्याच्या सख्ख्या बहिणीचं नाव निघू शकतं तर बाकीच्यांचं का नाही? त्यानं भावाच्या पार्टीच्या आळीतल्या लग्न झालेल्या सगळ्या लेकींवर नमुना सात भरले. भावाच्या पार्टीनं मग त्याच्या बाजूच्या लेकींवर भरले. लेक दुसऱ्या गावी दिल्याचा पुरावा लागतो, तर दोघांनी लग्नपत्रिका जोडल्या. पत्रिका दोघांच्याही घरात होत्या, कारण सगळ्या लग्नांना दोघंही जेवायला गेले होते. गुरुजींनी मला एका बीएलओनं दुसऱ्या बीएलओला करावा तसा फोन केला. म्हणाले, "ताई, तुमच्या एका नावानं मला दिवाळीची सुट्टी मिळाली नाही. वरची आळी संपली, आता खालची चालू आहे." मी विचारलं, कुणी हरकत घेतली नाही का? ते म्हणाले, "लेकींना नोटिसा गेल्या. माहेरचाच माणूस नाव काढायला निघालाय म्हटल्यावर हरकत कोण घेणार?" कामात चोख माणूस. त्यांनी एकही पत्रिका परत केली नाही.

अशा रीतीनं माझ्या माहेरच्या गावानं एकमेकांच्या लेकी यादीतून काढून टाकल्या. त्या हसणाऱ्या गाडीतल्या सगळ्या जणी गेल्या. दोघीतिघींनी मला फोन करून विचारलं, तुझ्यापासून सुरू झालं म्हणे? मी हो म्हटलं. एक म्हणाली, बरं केलंस, कायद्याचं आहे, आणि तिनं फोन ठेवला. ते बरं केलंस मी अजून विसरलेले नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या सासरची ग्रामपंचायत बिनविरोध झाली. पेपरात गावाच्या एकजुटीचं कौतुक आलं. खरं तर निम्मं गाव उसाच्या फडात होतं आणि भांडायला पुरेशी माणसंच शिल्लक नव्हती. त्यामुळे माहेरच्या मतदानाच्या रविवारी मला ड्युटी नव्हती, अंगणवाडीला सुट्टी होती, आणि करायला काही काम नव्हतं. मी मुद्दाम जुनं पातळ नेसले. ओट्यावर बसायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ज्वारी निवडायला घरात बसले. दाराकडे पाठ करून बसले. गाडीचा आवाज आला की हात थांबायचा. आमच्या रस्त्यावरून दिवसाला चारच गाड्या जातात, त्यातली एक दुधाची. नाव निघाल्यावर गाडी येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मत नसलं तरी बहीण आहे, असं एखाद्याच्या मनात येऊ शकतं, असं मला दुपारी एकपर्यंत वाटत होतं. एकनंतर मी ज्वारी दळायला दिली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. गुरुजींचा मेसेज आला, भाऊ त्रेचाळीस मतांनी पडला होता. मी त्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. मंगळवारीही उचलला नाही. नवरा म्हणाला, "रागात हाय, ऱ्हाऊ दे चार दिवस." मी रात्री अंगणवाडीच्या मदतनीस बाईला सांगून ठेवलं, एका दिवसाची रजा टाकली आणि बुधवारी पहाटेची एसटी धरली.

लग्न झालेली बाई माहेरी आपली आपण जात नाही. आता फोन आहेत, गाड्या आहेत, तरी कुणीतरी ये म्हणावं लागतं. न बोलावता मी पहिल्यांदाच चालले होते. कंडक्टरला म्हटलं, नगर. त्यानं अहिल्यानगर म्हणत अर्धं तिकीट फाडलं. नगरला गाडी बदलली. केडगाव गेलं तेव्हा सवयीनं शेजारच्या बाईकडे बघून हसले, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. काय बोलायचं ते पाठ करत गेले आणि उतरेपर्यंत सगळं विसरले.

गावात रस्त्यावर गुलाल होता, आमच्या आळीच्या तोंडापर्यंत आणि तिथंच थांबलेला. पारावरच्या एका म्हातारीनं मला ओळखलं आणि म्हणाली, "आज कशी काय आलीस गं? मतदान तर ऐतवारीच झालं." मी म्हटलं, माहीत आहे. भावाच्या दारात मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि चहाचं मोठं पातेलं पालथं होतं. निवडणुकीच्या दिवसांत त्या दारात पन्नास चपला असायच्या. आता भावजयीच्या होत्या फक्त.

तो मागं गोठ्यात वैरण टाकत होता. दाढी वाढलेली. मला बघून हातातला पेंडा तसाच धरून राहिला.

"कुनासंगं आलीस?"

"येष्टीनं. एकटीच."

"आनायला कोन गेल्तं?"

"कुनी न्हाई."

त्यानं पेंडा गाईपुढं टाकला. "आता काय ऱ्हायलंय हितं? पडलेल्याला काय बघायचं?"

मी पाठ केलेलं काहीच आठवेना. तोंडातून निघालं ते असं, "त्रेचाळीस मतांनी पडलास. मी आसते तर बेचाळीस मतांनी पडला आस्तास."

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर ते मलाही कळलं. तो खाली वाकला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते मला दिसलं नाही, मध्ये गाय होती. मग वाकलेलाच म्हणाला, "मी सव्वीस पत्रिका जोडल्या आक्का. माझ्या हातानं. त्यातल्या एकीच्या लग्नात मी पंगत वाढली हुती, तिच्या बापासंगं. आता ती कशाला यीन गावात?"

मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझ्या एका बटणानं हे सुरू झालं होतं आणि त्याला ते माहीत होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी रडले. लपवलं नाही.

"बोलावल्यावर यीन," मी म्हणाले.

"कशाला म्हनून बोलवायचं? आता पाच वर्षं काय न्हाई."

"कशाला म्हनून नगंच. नुसतं बोलवायचं."

त्यानं हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले. तेवढ्यात भावजय गोठ्याच्या दारात आली. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, ती हलकी लागली म्हणून क्षणभर तोलून बघितली, आणि विचारलं, "वन्सं, किती दिस हायसा?"

त्या घरात मला हे कुणी विचारून किती वर्षं झाली, ते आठवेना. मी म्हणाले, "चारची येष्टी हाय. रजा आजच्याच दिसाची टाकलीय."

भावानं दुसरा पेंडा उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज न्हाई. ऐतवारी जा. मी सोडाय यीन."

त्या दिवशी बुधवार होता.